लांब हाताची झारी

जमिनीत रुजलेले झाड आपली तहान पुष्कळशी आपणच भागविते. वरची माती सुकली, की त्याची मुळे ओलाव्याच्या शोधात खोल उतरतात, दूरवर पसरतात. टांगत्या कुंडीतील रोपाला हा मार्ग बंद असतो. त्याच्या वाट्याला येते ती दोन ओंजळी माती. तिला चोहोंकडून वारा लागतो, आणि मुळे कितीही वाढली तरी कुंडीच्या कडेशीच अडतात. वैशाखातल्या एखाद्या दिवसात अशी कुंडी कोरडी ठणठणीत होते. शोभेसाठी माणसाने ज्याला भूमीपासून उचलून उंच टांगले, त्याच्यापर्यंत पाणी पोचविण्याचे कर्तव्यही माणसाकडेच येते.

परंतु हात तेथवर पोचत नाही. शिंक्याची ही अडचण फार जुनी आहे. गोकुळातल्या गोपाळांनी ती एकमेकांच्या खांद्यांवर चढून सोडविली. घरोघरी मात्र स्टूल आणले जाते आणि भरलेला तांब्या घेऊन कोणीतरी त्यावर चढते. स्टूल डगमगते, पाणी ओतणाऱ्याच्या बाहीत शिरते, आणि रोपाला मिळते ते थोडेच. म्हणून लांब पोचणारे साधन हवे, हे खरे. पण ते निवडावे कसे?

प्रथम सुचते ती काठी. वेळूच्या टोकाला डबा बांधला, की आपला हात लांब झाला असे वाटते. आता एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. भरलेला तांब्या छातीशी धरला तर ते वजन फारसे जाणवत नाही. तोच तांब्या हात पसरून धरावा, म्हणजे थोड्याच वेळात खांदा भरून येतो. वजन तेवढेच, पण ते दूर गेले की त्याचा भार वाढतो. मग दीड मीटर काठीच्या टोकाला तो किती होईल! काठी थरथरते, डबा कलंडतो आणि एकदम कोसळणारे पाणी मातीत खळगा पाडून कोवळी मुळे उघडी करते. तेव्हा साधन लांब असावे, पण ओझे मात्र हाताजवळच राहावे.

ही अडचण जॉन हॉज या इंग्रज अधिकाऱ्यालाही आली होती. तो मॉरिशस बेटावर नोकरीस होता आणि त्याला व्हॅनिलाच्या वेली वाढविण्याचा छंद होता. त्या काळच्या जड, बेढब झाऱ्यांनी तो त्रासला, आणि नेण्यास व कलती करण्यास सोपी अशी झारी त्याने तयार केली. १८८६ साली त्याला तिचे पेटंट मिळाले. आज या घडणीच्या झारीत पाण्याचे पोट हाताजवळ असते व लांब, निमुळती सोंड पुढे जाते. सोंडेचे टोक झारीच्या काठाइतके तरी उंच असावे. कारण झारीत आणि सोंडेत पाण्याची पातळी सारखीच राहते. टोक खाली असेल, तर झारी पुरती भरण्यापूर्वीच तेथून पाणी सांडू लागते. टोकावरच्या चाळणीचे तोंड आकाशाकडे असेल, तर पाणी आधी वर उडून मग पावसासारखे हळुवार खाली येते. ती चाळणी काढून धुता येणारीही हवी. नाहीतर बळीच्या झारीत शुक्राचार्य बसले होते, तसा एखादा पालापाचोळ्याचा कण छिद्रात बसतो आणि दान अडते!

तरीही झारीला एक मर्यादा आहे. पाणी आपणहून वर चढत नाही. कुंडी डोक्याहून उंच असेल, तर सारी झारीच तितकी उंच धरावी लागते. तेथे टोकाशी वाकविलेली पोकळ कांडी नळीला जोडावी. पाण्याचे ओझे टाकीत राहते, हातात राहते ती हलकी कांडी. मात्र टाकी कुंडीपेक्षा बरीच उंच हवी. ती जवळच असेल, तर धार रोडावते. तसे असल्यास कुंडीची दोरी कप्पीवरून घ्यावी. विहिरीतून घागर वर येते, तशी कुंडी खाली येते आणि साधा तांब्याही पुरतो.

दुकानात रिकामी झारी सर्वांच्याच हाताला हलकी लागते. ती भरून आणि खांद्याइतकी उंच धरून पाहावी. घरात पाणी घालण्याचे काम आजीकडे किंवा लहान मुलाकडे असेल, तर पाच लिटरच्या झारीपेक्षा एक लिटरची झारी दोन वेळा भरणे बरे. जे साधन उचलताना कंटाळा येतो, ते कितीही लांब असले तरी कोनाड्यातच पडून राहते आणि रोप वाळते. जे रोज सहज उचलले जाते, त्यानेच कुंडीच्या तळातून पाण्याचा पहिला थेंब ठिबकतो. माती खालपर्यंत भिजली, याची बहुधा तीच खूण असते.