बत्तीस वर्षांनी ‘यू टू’

‘यू टू’ हा आयर्लंडचा बँड मी पहिल्यांदा ऐकला १९८७ साली, म्हापशाला कॉलेजात असताना. प्रत्यक्ष पाहिला तो १५ डिसेंबर २०१९ रोजी, नव्या मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. ऐकला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, पाहिला तेव्हा पन्नास. मधल्या काळात माझे केस गेले, चष्मा आला, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले. बँडमधली माणसे मात्र तीच चार राहिली. १९७६ साली डब्लिनच्या एका शाळेत लॅरी मलन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने ‘बँड काढायचा आहे’ अशी चिठ्ठी फळ्यावर लावली, आणि जे जमले त्यांतले चौघे चाळीस-बेचाळीस वर्षे एकत्र टिकले. आमच्याकडे नाटक मंडळी एवढी टिकत नाही.

डिचोली तालुक्यातल्या भजनी घरातला मुलगा रॉककडे कसा वळला, असे मला पुष्कळजण विचारतात. गोव्यात राहून हा प्रश्न पडावा याचेच मला नवल वाटते. एकादशीला भजन, चवथीला घुमट-आरती आणि फेस्ताला ब्रास बँड हे सगळे एकाच कानांनी आपण ऐकत आलो. कॉलेजात मोयऱ्याचा एक मित्र मिळाला, त्याला आम्ही सगळे पात्रांव म्हणायचो. त्याचे वडील तारवटी. बोटीवरून सुटीवर आले की पेटीत चॉकलेटे, साबण आणि कॅसेटी. ‘द जोशुआ ट्री’ हा अल्बम मार्च १९८७ मध्ये बाहेर आला आणि त्या पावसाळ्यात मोयऱ्याला पोचला.

ते वर्ष गोंयकारांना वेगळे सांगायला नको. फेब्रुवारीत राजभाषा कायदा, ३० मे रोजी घटक राज्य. भाषेच्या वादावरून कॉलेजातही तोंडे फिरलेली. मी मराठीवाला, पात्रांव कोंकणीवाला. भांडून घसा बसला की त्याच्या घरी जायचे, टू-इन-वनवर कॅसेट लावायची. ती इंग्रजी असल्यामुळे कोणाचीच बाजू घ्यावी लागत नसे!

पहिल्या गाण्याची सुरुवात ऐकून मी कान टवकारले होते, कारण भजनात मी तबल्यावर बसायचो. आधी लांबून येणारा ऑर्गन, मग त्यातून हळूहळू वर येणारी गिटार. ती गिटार सहाच्या चालीत आहे, आपल्या दादऱ्यासारखी. मग कुठल्या क्षणी ते गाणे चारच्या ठेक्यात शिरते हे मला आठवडाभर सापडेना. गिटारवाला एज हा तानबाजी करणारा नाही. तो मोजके स्वर छेडतो. यंत्र त्या स्वरांचा प्रतिध्वनी परत पाठवते, आणि त्या प्रतिध्वनीलाच त्याने लयीत बसवलेले असते. एक माणूस वाजवतो आणि दोघे वाजवत आहेत असे वाटते. मांडावर दोन घुमटे एकमेकांना उत्तर देतात तसे काहीसे.

पुढे वाट पाहणे आले. ‘द पोलीस’ १९८० मध्येच मुंबईत वाजवून गेले होते, तेव्हा आम्ही शाळेत. १९९५ मध्ये डीप पर्पल आले, २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स. यू टू काही येईनात. पात्रांव कुवेतला गेला, परत आला, त्याच्या मुली मोठ्या झाल्या. २०१९ मध्ये ‘जोशुआ ट्री’चा दौरा मुंबईत संपणार अशी बातमी आली, तेव्हा त्याचा फोन आला, “यो रे, आता न्हय जाल्यार केन्ना?” त्या तिकिटाच्या पैशांत घराची कौले परतून झाली असती, असे माझी बायको म्हणाली. हिशेब तिचा अचूक होता. मी गेलो.

शनिवारी संध्याकाळी थिवीला कोकणकन्या पकडली, पहाटे पनवेलला उतरलो, तिथून लोकलने नेरूळ. स्टेडियममध्ये शिरल्यावर आधी डोळ्यांत भरला तो पडदा. दोनशे फूट रुंद, त्यावर जोशुआ झाडाची आकृती, आणि त्या झाडाची सावली पडावी तसा एक छोटा मंच प्रेक्षकांत घुसलेला. आमच्या आजूबाजूला पंचविशीतली मुले जास्त. एकाने पात्रांवला “अंकल, पाणी हवंय का?” असे विचारले. त्याने पाणी घेतले, अंकल गिळला.

लॅरी मलन एकटाच चालत आला, ड्रमवर बसला आणि त्याने ‘संडे ब्लडी संडे’चा ठेका धरला. १९७२ च्या जानेवारीत डेरीमध्ये ब्रिटिश सैनिकांनी मोर्चातल्या निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, त्या रविवारच्या नावाचे हे गाणे. पहिली काही गाणी चौघांनी त्या छोट्या मंचावरच वाजवली. मग पडदा लाल झाला आणि तो ऑर्गन सुरू झाला. अँटन कॉर्बेनने चित्रित केलेला वाळवंटातला रस्ता पडद्यावर धावू लागला. पात्रांवने माझा दंड धरला होता. किती घट्ट धरला होता ते दुसऱ्या दिवशी कळले.

बोनो बोलतो फार, हे सांगितले पाहिजे. आपल्याकडच्या कीर्तनकारांचा पूर्वरंग लांबतो तसे त्याचे होते. पण एकोणसाठाव्या वर्षी तो आवाज अजून वर चढतो, आणि तो चढवताना होणारे कष्ट प्रत्यक्ष दिसतात. कॅसेटमध्ये ते दिसत नसत.

अल्बम सुरुवातीपासून क्रमाने वाजवत होते. पाच गाण्यांनंतर ‘रेड हिल मायनिंग टाऊन’ आले. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचे हे पहिले गाणे. कॉलेजात आमच्यासाठी पहिली बाजू म्हणजेच कॅसेट होती, दुसरी क्वचित लागायची. हे गाणे १९८४-८५ च्या ब्रिटनमधल्या कोळसा खाण कामगारांच्या संपावरून सुचलेले आहे. त्यात घोषणा मात्र नाहीत, संपात सापडलेल्या एका जोडप्याचे ते गाणे आहे. काम गेलेले घर आतून कसे दुभंगते ते त्यात आहे. बँडने हे गाणे १९८७ पासून २०१७ पर्यंत तीस वर्षे मंचावर गायलेच नव्हते. आता पडद्यावर एक ब्रास बँड दिसत होता आणि त्याचे सूर गाण्यात मिसळत होते.

आमच्या घराच्या ओसरीवरून खाण दिसते. लाल डोंगर, पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला. माझ्या थोरल्या चुलतभावाने, दादाने, कर्ज काढून टिपर घेतला, मग चीनला खनिज जोरात जाऊ लागले तेव्हा आणखी दोन. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मध्ये काही सुरू झाल्या, मग न्यायालयाच्या निकालाने ८८ लीजे रद्द होऊन मार्च २०१८ मध्ये पुन्हा सगळे थांबले. एक टिपर भंगाराच्या भावाने गेला, दुसरा ओढून नेला, तिसरा आंब्याखाली ताडपत्रीत उभा. वहिनीच्या पाटल्या गेल्या. त्यानंतर त्या दोघांत जेवण वाढण्यापुरतेच शब्द उरले. मी कधी गेलो की दोघेही माझ्याशी बोलत, एकमेकांशी नाही.

खाणींनी आमची शेते चिखलाने भरली, विहिरी आटवल्या, हे मी पूर्वी लिहिले आहे आणि पुन्हा लिहीन. पण त्या ओसरीवरच्या शांततेबद्दल मला कधी काही लिहिता आले नव्हते. चाळीसएक हजार माणसांच्या गर्दीत, परक्या देशातल्या परक्या खाणीचे गाणे चालू असताना, मला दादा आणि वहिनी समोर बसलेली दिसली. आजूबाजूची मुले त्या गाण्याला जरा थंडच होती, फोन खिशात गेले होते. अठराव्या वर्षी हा कार्यक्रम पाहिला असता तर मीही तेव्हाच चहा प्यायला गेलो असतो.

नंतर पुष्कळ झाले. गौरी लंकेश यांचा चेहरा पडद्यावर आला, ए. आर. रहमान आपल्या मुलींसह मंचावर आले, शेवट ‘वन’ने झाला. त्या रात्रीनंतर तीन महिन्यांत कोविडने जग बंद पडले. यू टूचे पुढचे मोठे कार्यक्रम २०२३-२४ मध्ये लास व्हेगासच्या स्फिअरमध्ये झाले, एकूण चाळीस, पण शस्त्रक्रियेमुळे लॅरी त्यांत नव्हता. आम्ही पाहिले तेव्हा चौघेही होते.

परतल्यावर आठवडाभराने दादाकडे गेलो. फोनवर ‘रेड हिल’ लावले आणि गाणे कशावर आहे ते सांगितले. वहिनी दाराशी उभी राहून ऐकत होती.

“हें आमच्या फेस्ताच्या बँडाभशेन वाजता मरे,” दादा म्हणाला. मग थोड्या वेळाने, “मागीर त्या लोकांनी कितें केलें?”

संप मोडला, एकेक करून खाणी बंद होत गेल्या, आणि ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण २०१५ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली, असे मी सांगितले. दादा काही बोलला नाही. वहिनी आत गेली आणि तीन कप चहा घेऊन आली. एक माझ्यापुढे ठेवला, एक दादापुढे, आणि तिसरा घेऊन ती तिथेच सोप्यावर टेकली.

“परत लाय पळोवया,” ती म्हणाली.