तेच भुयार, तिसऱ्यांदा

१९९५ साली छापलेलं पुस्तक आज कपाटातून काढून वाचता येतं. त्याच वर्षी बनवलेला व्हिडिओ गेम आज चालेलच, याची खात्री नाही. पुस्तकाचा कागद पिवळा पडतो, गेमच्या पायाखालची जमीनच सरकते. २०१९मध्ये ॲपलने मॅकवरचा ३२-बिट प्रोग्रॅमचा आधार काढला. २०२०च्या अखेरीस ब्राउझरमधले खेळ चालवणारं फ्लॅश बंद झालं. मी बनवलेले सुरुवातीचे खेळ फ्लॅशमधले होते. त्यांचा कोड माझ्याकडे होता आणि तो माझाच होता, म्हणून त्यातले दोन मी पुन्हा उभे करू शकलो.

पूर्वी नोकरीत असताना ज्या गेमसाठी मी रात्री जागलो, तो मात्र कायमचा गेला. कंपनी मिटली, हक्क कुणाकडे गेले ते कळलंही नाही. त्यातली एक ओळ दुरुस्त करायचीही मला परवानगी नाही. स्वतःचा गेम बनवायला लागल्यापासून मला सर्वांत मोलाची वाटते ती मनासारखं करण्याची मुभा नव्हे, तर केलेलं सांभाळण्याचा अधिकार.

सिअ‍ॅटलचा गेमकार जेफ व्होगेल मला म्हणूनच जवळचा वाटतो. गणिताचं उच्चशिक्षण सोडून त्याने १९९४मध्ये ‘स्पायडरवेब सॉफ्टवेअर’ काढलं. पुढच्या वर्षी आला ‘एक्झाइल’ हा खेळ. साम्राज्याला नकोशी झालेली माणसं जमिनीखालच्या गुहांत ढकलली जातात आणि तिथे शहरं वसवतात, अशी त्याची कथा. विक्री शेअरवेअर पद्धतीने व्हायची: सुरुवातीचा भाग फुकट खेळा, आवडला तर पैसे भरून पुढचा उघडा. २०००मध्ये त्याने हाच खेळ ‘ॲव्हरनम’ म्हणून नव्याने लिहिला आणि २०११मध्ये पुन्हा एकदा. ‘जीनफोर्ज’ २००१चा, तोही २०२१मध्ये नवा होऊन आला.

नवं सुचत नाही म्हणून जुनं उगाळतो, असं कुणी म्हणतं तेव्हा मला राग येतो. कीर्तनकार तेच आख्यान वर्षानुवर्षं लावतो, पण पंचविशीत आणि पन्नाशीत ते एकच राहत नाही. तरुणपणी रचलेल्या भुयारात प्रौढ माणूस परत उतरतो, तेव्हा कुठली वाट उगाच लांब होती आणि कुठला संवाद कच्चा होता, हे त्याला दिसतं.

आपलं काम असं सांभाळत राहण्याची किंमत मोठी असते. टार्न ॲडम्सने अमेरिकेतलं विद्यापीठातलं काम सोडलं, २००६मध्ये ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा गेम फुकट खुला केला आणि पुढे कित्येक वर्षं खेळणाऱ्यांच्या देणग्यांवर तो आणि त्याचा भाऊ झॅक जगले. झॅकला कर्करोग झाला, उपचारांच्या खर्चाची धास्ती बसली, तेव्हा कुठे त्यांनी पैसे देऊन घ्यायची आवृत्ती काढायचं ठरवलं. ती २०२२मध्ये आली आणि खूप खपली. जुनी फुकट आवृत्तीही त्यांनी बंद केली नाही. माझं घर शैक्षणिक ॲपच्या कंत्राटी कामांवर चालतं. आजारपणाचा विचार मनात आला की माझाही हात कीबोर्डवर थबकतो.

सध्या मी माझा सर्वांत जुना मोठा खेळ नव्या इंजिनवर नेतो आहे. चित्रं अजून कच्ची आहेत, संगीत तर बाकीच आहे. आधी लिहिला तो जुन्या सेव्ह फाइल उघडणारा कोड. हे काम किचकट असतं आणि त्यासाठी कुणी जादा पैसे देत नाही. पण अर्ध्यात थांबलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या दारापासून चालायला लावायचं नाही, एवढं माझं ठरलेलं आहे. परवा एक जुनी फाइल नव्या इंजिनात उघडली. पात्राच्या झोळीतल्या सगळ्या वस्तू आल्या, नकाशा अजून यायचा आहे.