उघडे दार

गेल्या वर्षीची, महाविद्यालयाच्या उपाहारगृहातील गोष्ट. चहा संपला होता आणि गप्पा रंगात आल्या होत्या. बोलता बोलता एक मित्र म्हणाला, "तुम्ही ख्रिस्ती म्हणजे दुष्काळात पोटासाठी बाटलेले लोक!" सगळे हसले. मीही हसलो. वर म्हणालो, "मी कुठे रे देवळात जातो? ते सारे घरच्यांचे." वास्तविक आदल्याच रविवारी मी उपासनेत शास्त्रपाठ वाचला होता. पेत्राला निदान कोंबड्याने जागे केले. मला जागे केले ते आजीने.

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो तेव्हा हा प्रसंग मी तिला सांगितला. स्वतःचे बोलणे मात्र गाळले. आजी रागावेल असे वाटले होते. ती शांतपणे म्हणाली, "खोटं काय बोलला तो? माझी आजी पोटासाठीच आली होती." १८९७ साली मध्य प्रांतातील दुष्काळातून पंडिता रमाबाईंनी ज्या मुली केडगावला आणल्या, त्यांत ती एक होती. "उपाशी पोरीला जेवू घातलं, यात लाज कसली? बरं, तू काय म्हणालास त्याला?"

मला उत्तर देता आले नाही.

परतल्यावर वाचनालयात रमाबाईंविषयी मिळेल ते वाचले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि इकडे त्यांच्यावर टीकेची झोड उठली. तिकडे चर्चच्या मंडळींनाही त्या पुरेशा आज्ञाधारक वाटेनात. कारण न पटलेली गोष्ट केवळ वडीलधारे सांगतात म्हणून त्या मानीत नसत. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले. तेथे धर्म शिकवायचा नाही असे ठरले होते. परंतु बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. पालक धास्तावले. त्यांची धास्ती मी समजू शकतो. १८९३ साली अनेकांनी आपल्या मुली काढून नेल्या. बाईंनी दार लावले नाही आणि शिकविणेही थांबविले नाही. याच सदनातील गोदूबाईंनी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या हिंदूच राहिल्या. पुढे दुष्काळात बाई धावून गेल्या, आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत राहिल्या.

निष्ठा म्हणजे टीकाकाराला सडेतोड उत्तर देणे, असे मी समजत होतो. ते मला जमत नाही म्हणून मी हसण्यात सामील झालो. पण बाईंनी केले ते याहून साधे आणि याहून अवघड होते. त्यांनी आपली प्रार्थना कोणावर लादली नाही, कोणापासून लपविलीही नाही.

एके दिवशी त्या मित्राला गाठून म्हणालो, "मी त्या दिवशी खोटे बोललो. मी दर रविवारी देवळात जातो. आणि आमची ती खापरपणजी खरोखरच उपाशी होती." तो ओशाळला. "गंमत केली रे," म्हणाला.

अजूनही तो कधी कधी चिडवतो. मी रागावत नाही, पण आता हसतही नाही. रविवारी सकाळी निघताना कोणी "कुठे?" म्हणून विचारले, तर सांगतो.