आज्यांच्या गाद्या

मुलांनो, आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. आमच्या दिंडीच्या टेंपोत थकलेल्या आज्यांसाठी गाद्या असतात. त्यांना नव्या खोळी हव्या होत्या. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, रेक्झिन घ्या, पुसलं की झालं!" खरंय, पण त्यावरचा प्लॅस्टिकचा थर हवा अडवतो, पाठ घामाने चिकटते. शिवाय उन्हाने तडकतो.

मी जाड सुती कॅनव्हास उजेडापुढे धरला. वीण घट्ट! पायरीवर खसाखसा घासला, धागा निघाला नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून आधी भिजवून वाळवला, मगच बेतला. पावसात लवकर वाळत नाही, तेव्हा नाड्यांच्या दोन-दोन खोळी शिवल्या.

सणसरला एका आजींनी हात फिरवला. "मऊ हाय की! पर टिकंल का वं?"

"चार वाऱ्या तरी, आजी!"