ट्रिप कुणाची? माझी की खाकऱ्याची?

रिक्षावाल्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कुशीतल्या खाकऱ्याकडे, आणि मग सरळ समोर रस्त्याकडे.

‘‘कुत्ता है?’’

‘‘छोटा है भैया.’’

‘‘छोटा है, पर कुत्ता है ना?’’

या लॉजिकपुढे काय बोलणार? घाटकोपर स्टेशनबाहेर ही माझी त्या संध्याकाळची चौथी रिक्षा. वर मेट्रो धडधडत होती, पण तिथे पाळीव प्राण्यांना नो एण्ट्री. आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये तर माणसाचेच पाय जमिनीला टेकत नाहीत, तिथे साडेसहा किलोच्या जिवाचं काय होणार? शेवटी पाचव्या रिक्षावाल्याने ‘‘बिठाओ, मेरे गाँव में भी है’’ म्हटलं, आणि आम्ही घरी पोचलो.

तर मंडळी, हा खाकरा. तीन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये एका फरसाणच्या दुकानाच्या फळीखाली भिजून बसलेला सापडला. रंग अगदी भाजलेल्या खाकऱ्यासारखा, म्हणून नाव खाकरा. ब्रीड कुठली, असं विचारलंत तर उत्तर एकच : पक्का घाटकोपरकर. आकाराने इतका लहान, की सगळे विचारतात, ‘‘अजून पिल्लू आहे का?’’ नाही हो, तो एवढाच राहिलाय. पंतनगरात रस्त्यावरून त्याला हाक मारली की दोन-चार माणसं तरी वळून बघतात. एकदा तर एका काकांनी खरंच विचारलं, ‘‘मेथीचा आहे का?’’

आमची पहिली ‘ट्रिप’ रोज लिफ्टमध्ये सुरू होते. जुनी बिल्डिंग जाऊन टॉवर झाला, तसा हा प्रश्न आला. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बेनना कुत्र्यांची भयंकर भीती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘कुत्र्याला लिफ्ट नको’ असा विषय निघाला. मी अर्थातच पत्रकारितेच्या डिग्रीला जागून प्रिंटआउटच घेऊन गेले. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय, की पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरायला सोसायटी बंदी घालू शकत नाही. मीटिंग मी जिंकले. पण दुसऱ्या दिवशी लिफ्टचं दार उघडल्यावर आत मी आणि खाकरा दिसताच बेन जिन्याने निघाल्या, तेव्हा जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. तेव्हापासून आमचा नियम : लिफ्टसमोर बेन असतील तर आम्ही पुढच्या फेरीला. त्यालाही आता सवय झाली आहे, आपणहून बसतो. आता बेन दोन हात लांबूनच त्याला ‘‘जय जिनेंद्र, खाकरा’’ म्हणतात.

दुसऱ्याची भीती मला अशी पटकन समजली. स्वतःच्या कुत्र्याची मात्र समजायला एक मे महिना जावा लागला.

त्याचं झालं असं. एका संपादकांना मी ‘डॉग-फ्रेण्डली वीकएण्ड’ असा लेख देते म्हणून कबूल केलं होतं. सोबत फोटो हवे होते. तोपर्यंत मोबाइलवर इतरांच्या कुत्र्यांचे फोटो बघून मी आधीच घायाळ. कुणाचा लॅब्रॅडॉर लाटांमध्ये, कुणाचा बीगल हॅमॉकमध्ये. आमचा बिचारा खाकरा पंतनगरच्या बाहेर गेलाच नाही, अशी स्वतःचीच दया येऊ लागली. म्हटलं, बस्स! अलिबाग. मेमधला शनिवार, मैत्रिणीची गाडी, लाल स्कार्फ आणि खास ऑनलाइन मागवलेला त्याच्या मापाचा गॉगल. फुल्ल तयारी.

सुरुवात सॉलिड झाली. पहाटे छेडानगरवरून ईस्टर्न फ्रीवेला लागलो आणि बघता बघता भाऊचा धक्का. तिथून मांडव्याला जाणारी रो-रो 2020 मध्ये सुरू झाली. गाडीसकट बोटीत चढायचं आणि तासाभरात पलीकडे. पाळीव प्राण्यांचंही रीतसर तिकीट निघतं. खाकऱ्याने डेकवर नाक वर करून जो काही वारा प्यायलाय, विचारू नका. कान मागे, डोळे बारीक. मला वाटलं, लेख इथेच झाला.

मग आलं आमचं ‘पेट-फ्रेण्डली’ हॉटेल. फोनवर ‘‘हो हो, आणा ना मॅडम’’ म्हणणाऱ्यांनी तिथे गेल्यावर सांगितलं, की कुत्र्याला पार्किंगजवळच्या शेडमध्ये बांधायचं, रूममध्ये नाही. वर पत्रा, खाली सिमेंट. वाद घातला, उपयोग शून्य. चिडून म्हटलं, चला, बीचवरच जाऊ. तेव्हा घड्याळात साडेअकरा वाजले होते.

आता पुढचं मी लिहितेय ते मला आवडत नाहीये, पण लिहायला हवं.

खाकरा आधी धावला. मग सुरूच्या झाडांच्या सावलीकडे वळला. मी त्याला परत ओढलं, कारण मला समुद्र बॅकग्राउंडला हवा होता. तो बसला. मी गॉगल लावला. तो पंजे आलटून पालटून उचलत होता आणि आम्ही दोघी हसत होतो, ‘‘बघ बघ, डान्स करतोय!’’ मी चप्पल घालून उभी होते. तो नव्हता. हे मला त्या क्षणी दिसलंच नाही. ‘‘एकच फोटो, खाकऱ्या, प्लीज,’’ म्हणत मी बहुतेक चाळीस फोटो काढले.

मग त्याची धाप वाढली. जीभ बाहेर लोंबायला लागली, तोंडातून चिकट लाळ. उठायला गेला आणि मागचे पाय दारूड्यासारखे लटपटले. मैत्रिणीने त्याचा ओठ वर करून पाहिलं, तर हिरड्या लालभडक. मी त्याला उचललं तेव्हा माझ्या हाताला तवा उचलल्यासारखं वाटलं.

आम्ही गाडीत एसी लावून, त्याच्या पोटावर आणि पंजांवर बाटलीतलं पाणी ओतत, रस्त्यात भेटेल त्याला विचारत एका जनावरांच्या डॉक्टरांपर्यंत पोचलो. डॉक्टर म्हणजे मुख्यतः गाई-म्हशींचे. त्यांनी एक शब्द न बोलता नळाच्या पाण्याने त्याला भिजवलं, टेबल फॅन तोंडावर लावला, सलाईन सुरू केलं. मी बर्फ आणू का विचारलं, तर म्हणाले, ‘‘नको, साधंच पाणी. बर्फाने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते.’’

अर्धा तास गेला. खाकऱ्याची शेपटी एकदा हलली. मी स्टुलावर बसून रडत होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या लाल स्कार्फकडे.

‘‘बाई, याला समुद्र दाखवायला आणलात की बोंबलासारखा वाळत घालायला?’’

मला त्यांचा राग आला नाही. मोबाइलमधले ते चाळीस फोटो मी तिथेच बसून पाहिले. एकातही तो कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. सगळ्यांत त्याची मान सुरूच्या झाडांकडे आहे.

डॉक्टरांनी मग शाळेतल्या मुलीला समजवावं तसं समजावलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडासा येतो, बाकी सगळी भिस्त धापेवर. जिभेवरची ओल उडून गेली की अंग थंड होतं. पण मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ती ओलच लवकर उडत नाही, मग कुत्रा कितीही धापा टाको. त्यात छोटा कुत्रा तापलेल्या जमिनीच्या जास्त जवळ. ‘‘नशीब समजा, याचं नाक लांब आहे. पग असता तर कठीण होतं.’’ 2003 च्या त्या हचच्या जाहिरातीनंतर घरोघरी पग हवा झाला होता, आठवतंय? त्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना साध्या उन्हाळ्यातसुद्धा श्वास घेताना मारामार होते. जाहिरातीत हा भाग नव्हता.

संध्याकाळच्या बोटीने परत आलो. संपादकांना लेख गेला नाही. गॉगल कचऱ्यात.

नंतर महिनाभर मी त्याला कुठेच नेलं नाही, घाबरून. पण घाबरणं म्हणजे काही समज नव्हे. हळूहळू आम्ही नव्याने सुरुवात केली, आणि या वेळी प्रत्येक ट्रिपआधी मी एकच प्रश्न विचारते : ही ट्रिप कुणाची? उत्तर ‘माझी’ असेल तर खाकरा घरी, आईजवळ, पंख्याखाली. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. भर दुपारचा बीच, लाउड म्युझिकवालं कॅफे, लग्नाची वरात यात त्याला काडीचाही रस नसतो. रस आपल्याला असतो, तो ‘आणलाय’ हे दाखवण्यात.

उत्तर ‘त्याची’ असेल, तर आमचे काही फंडे आता पक्के आहेत. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर बाहेर नाही. निघण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवायची, मला चटका बसला तर त्यालाही बसेल. बंद गाडीत ‘दोनच मिनिटं’ म्हणून एकट्याला ठेवायचं नाही, पारा भराभर चढतो. प्रवासाआधी तीन-चार तास पोट रिकामं, म्हणजे घाटात उलटी नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालणं बंद, कारण उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो कुत्र्यांनाही होतो. रेबीजबरोबर त्याचीही लस हवी. गवतातून फिरून आलं की कानामागे आणि बोटांमध्ये गोचीड शोधायची. आणि हॉटेलला फोनवर ‘पेट-फ्रेण्डली आहात का’ असं विचारायचंच नाही. विचारायचं, ‘‘कुत्रा रात्री कुठे झोपेल?’’ खरं उत्तर तिथेच मिळतं.

जंगलाचा मोह मात्र सोडा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्र्यांना मनाई आहे, ती योग्यच आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार उद्यानातले आणि आसपासचे बिबटे वर्षाला सुमारे 1,500 भटके कुत्रे खातात. म्हणजे येऊर किंवा आरेच्या कडेला संध्याकाळी फिरणारा साडेसहा किलोचा खाकरा बिबट्याच्या दृष्टीने खाकराच!

आमची आजवरची सगळ्यात सही ट्रिप जानेवारीतली, माथेरानची. गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढे पायी. डोक्यावर झाडांची सावली आणि पायाखाली मऊ लाल माती. घोडे आले की मी पट्टा आखडून बाजूला उभी राहायचे, आणि माकडांमुळे हातात खाऊ अजिबात नाही. अर्ध्या तासाच्या रस्त्याला आम्हाला दीड तास लागला, कारण प्रत्येक दगडाचा वास घेणं सक्तीचं होतं. पॉइण्ट एकच पाहिला. पंजे मात्र मेंदी लावल्यासारखे लाल करून आलो.

त्याआधी डिसेंबरात त्याला रेल्वेने कोकणात गावीही नेलं. तिकीट काढायच्या आधी एवढं लक्षात ठेवा : फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कुपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमचीच असेल, तरच कुत्रा तुमच्यासोबत. टू टियर, थ्री टियर, चेअर कार, स्लीपर, कशातच नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स, जो मी तरी माझ्या कुत्र्याला देणार नाही. आई आणि मी दोन तिकिटं काढली, कुपे मिळावा म्हणून आधी अर्ज दिला, लसीकरणाचं पुस्तक घेऊन पार्सल ऑफिसात त्याचं बुकिंग केलं, आणि चार्ट लागेपर्यंत आईने देव पाण्यात ठेवले. मिळाला! खाकरा रात्रभर आईच्या पायाशी झोपला. विमानाचं म्हणाल, तर अकासा एअरने 2022 च्या नोव्हेंबरपासून छोट्या कुत्र्यांना केबिनमध्ये न्यायला सुरुवात केली. पण अशा प्रवासात वजनाची मर्यादा पिंजऱ्यासकट धरतात, तेव्हा आधी दोघांना वजनकाट्यावर ठेवा.

आणि हो, त्याची सगळ्यात आवडती ट्रिप यापैकी कुठलीच नाही. ती आहे पहाटे सहाची, पंतनगरातली. दुधाच्या क्रेट उतरत असतात, फाफड्याची कढई नुकतीच तापत असते, रस्ता गार असतो. एका लाइटच्या खांबाजवळ तो रोज पाच मिनिटं उभा राहतो आणि रात्रभरात कोण कोण येऊन गेलं ते वाचून काढतो. पूर्वी मी पट्टा ओढायचे, ‘‘चल ना, उशीर होतोय.’’ आता थांबते. मोबाइल घरी असतो.

संपादकांना दिलेला शब्द मी आता पूर्ण करतेय. हा तोच लेख. फोटो मात्र नाहीत.