आजीबाईंचे दप्तर

ख्रिस्ती मंडळीच्या व्यवस्थेत वडील, पाळक, सेवक, खजिनदार या साऱ्यांच्या नेमणुका इतिवृत्तात नोंदल्या जातात, त्यांचे अधिकार आणि मुदत ठरलेली असते, कारभारात कसूर झाली तर त्यांच्याकडून जाबही मागता येतो; परंतु क्रेत बेटावर ठेवलेल्या तीताला पौलाने जे पत्र लिहिले त्याच्या दुसऱ्या अध्यायात वृद्ध स्त्रियांवर तरुण स्त्रियांना शिकवण्याचा जो जिम्मा टाकला आहे, त्याची नोंद कोणत्याही दप्तरी होत नाही, त्याला सनद नाही, वेतन नाही आणि निवृत्तीही नाही. मुलुंडमध्ये राहून मी हे काम पुष्कळ वर्षे करीत आले आहे, आणि त्या अनुभवावरून एवढे खात्रीने म्हणेन की ज्या कामाची नेमणूक होत नाही, ते करणारीला आपली हद्द आपणच आखून घ्यावी लागते.

शनिवारी दुपारी भरणाऱ्या आमच्या वर्गात येणाऱ्या मुली बहुतेक नगर, जालना, सोलापूर या भागांतून रेल्वेच्या, गिरण्यांच्या किंवा इस्पितळांच्या नोकरीपायी मुंबईत आलेल्या कुटुंबांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या आहेत. कोणी परिचारिका आहे, कोणी बँकेत आहे, कोणी घाटकोपरला मेट्रो पकडून अंधेरीच्या सीप्झ या औद्योगिक वसाहतीत कामाला जाते. त्यांच्या पणज्यांना मिशनच्या बायबलबाईंनी ओट्यावर बसवून अक्षर आणि वचन एकदमच शिकवले होते. या पणत्यांना अक्षर शिकवण्याची गरज उरलेली नाही, आणि वचन तर त्यांच्या कानी मोबाइलवरून अहोरात्र पडते. अडचण इतकीच की ते कोण सांगतो आणि कशाच्या आधारे सांगतो, याची रुजवात घालण्याइतकी फुरसत लोकलच्या महिला डब्यात मिळत नाही.

सीप्झच्या त्याच आवारात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाने १५७९ मध्ये बांधलेल्या आणि १८४० मध्ये ओस पडलेल्या चर्चचे भग्नावशेष आहेत. वर्गातली ती मुलगी रोज त्यांच्या बाजूने जाते, आणि एकदा तिने मला विचारले की इतक्या जुन्या लोकांचा विश्वास पुढे कुठे गेला. तो मरोळला गेला, कुर्ल्याला होताच, गोराईला होताच. १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली आणि साष्टीतले फिरंगी पाद्री निघून गेले, तरी आमच्या ईस्ट इंडियन कॅथॉलिक शेजारणींच्या पूर्वजांची प्रार्थना घराघरांत टिकली, आणि घरात टिकली म्हणजे कोणाच्या हाती टिकली, याला वेगळा दाखला देण्याचे कारण नाही. मी प्रॉटेस्टंट घराण्यातली. त्यांच्या आणि आमच्या मतांत भेद आहेत आणि ते मी झाकून ठेवीत नाही, पण या एका बाबतीत त्यांच्या आज्यांपुढे मी नम्र आहे.

वडीलधाऱ्या ख्रिस्ती स्त्रीने तरुण स्त्रीला सुशिक्षण कसे द्यावे आणि कसे देऊ नये, याचा आपल्या मराठी इतिहासातला सर्वांत सविस्तर दस्तऐवज मात्र साष्टीत नाही आणि नगरलाही नाही. तो म्हणजे एक पत्रसंग्रह, आणि तो इंग्लंडातील वाँटेज या गावच्या एका मठातून आला आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन तेथे गेल्या, त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी सिस्टर जेराल्डीन या संन्यासिनीकडे आली. मनोरमा या सिस्टरना ‘आजीबाई’ म्हणे, आणि रमाबाईंच्याही पत्रांत तेच संबोधन येऊ लागले. पंचविशीतली विधवा, संस्कृतात पंडितांच्या सभा जिंकलेली, आईबाप दुष्काळात गमावलेली, देशभर पायी हिंडलेली; आणि तिच्यासमोर मठाच्या शिस्तीत वाढलेली, प्रेमळ पण आज्ञापालनाला सद्गुणांत अग्रस्थान देणारी बाई. रमाबाईंनी त्रैक्याविषयी विचारले, ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी विचारले, अथनेशियसच्या नावावर असलेल्या विश्वासांगीकाराला मान डोलावण्यास नकार दिला. आणि या मोठ्या प्रश्नांच्या शेजारीच अंड्याला हात न लावण्याचा त्यांचा शिरस्ताही चर्चेला आला, ज्यात आजीबाईंना जातीचा अभिमान शिल्लक असल्याची खूण दिसली. बाप्तिस्मा घेतल्यानंतर मंडळीची शिकवण मंडळीच्या अधिकारावरच स्वीकारली पाहिजे, ही आजीबाईंची भूमिका. आणि एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवून ठेवलेल्या बाईने दुसरे तसलेच जोखड मानेवर का घ्यावे, ही रमाबाईंची कैफियत.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या, तेथील प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहारही याच संग्रहात आहे. विषय तेच आहेत, शंका त्याच आहेत, पण वाचताना खोलीची खिडकी कोणी उघडली असे वाटते. बीलबाईंनी स्वतः संशयाचा काळ पाहिलेला होता. त्या उत्तर देतात, आपले मत सोडीत नाहीत, परंतु प्रश्न विचारणारी बिघडली आहे असे गृहीत धरून चालत नाहीत. त्या एखाद्या बिशपाइतक्या अधिकारी नव्हत्या आणि वाँटेजच्या सिस्टरइतक्या जवळच्याही नव्हत्या, आणि तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, सिद्धान्ताची चर्चा त्यांच्याशी अधिक खोल गेली. आमच्या वर्गात ही पत्रे मी भाषांतर करून वाचून दाखवते तेव्हा मुली ताबडतोब बीलबाईंच्या पक्षात जातात. त्यांना मी थोडे थांबवते. जेराल्डीन यांनी मनोरमेला सांभाळले होते, रमाबाईंचे एकाकीपण जवळून पाहिले होते, आणि त्यांचा कठोरपणा पुष्कळसा भीतीतून आलेला होता. आपल्या हाती सोपवलेले माणूस आपल्या देखत हरवेल ही भीती ज्या बाईला कधी शिवली नाही, तिने त्यांचा न्याय करू नये.

निकाल काय लागला? रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना धर्माच्या पलीकडचा ख्रिस्त उमगला. तोवर त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. म्हणजे ज्या सिद्धान्तांसाठी वाँटेजला वाद झाले, त्यांतला गाभ्याचा भाग त्यांनी अखेर मनोभावे स्वीकारला, परंतु तो हुकमाने नव्हे आणि ठरलेल्या मुदतीतही नव्हे. तीच गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांची. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. ती पाच वर्षे कोणी विलंबाच्या खात्यावर लिहू पाहील, तर त्याला मी इतकेच सांगेन की टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य चौसष्ट अध्याय रचून पुढे नेणारी हीच बाई होती.

माझ्या कामाचे जे काही कसब आहे ते या एका गोष्टीभोवती फिरते: प्रश्नाला उत्तर कधी द्यावयाचे. वाफ जिरण्याआधी झाकण काढलेला भात जसा वरून शिजलेला आणि आत कणीदार राहतो, तसे घाईने दिलेले बरोबर उत्तरही विचारणारीच्या उपयोगी पडत नाही. त्रैक्याचेच पाहा. कोणी मुलगी विचारते की तिघे आणि एक हे कसे, आणि शिकवणारीला मोह होतो की पाणी, बर्फ आणि वाफ हा दृष्टान्त सांगून मोकळे व्हावे. तो दृष्टान्त रविवारच्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो चुकीचा आहे. एकच पाणी आळीपाळीने तीन रूपे घेते. पण एकच देव आळीपाळीने पिता, पुत्र आणि आत्मा होतो, हे मत तिसऱ्या शतकात सबेल्लियसच्या नावाने ओळखले गेले आणि मंडळीने ते नाकारले. त्रिमूर्तीचा दाखला आपल्याकडे आपोआप ओठांवर येतो, तोही तितकाच दिशाभूल करणारा, कारण तेथे कामांची वाटणी आहे. म्हणून मी दृष्टान्त न सांगता यार्देन नदीकाठचा प्रसंग मुलींकडूनच मोठ्याने वाचवून घेते, जेथे पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरत आहे आणि पित्याची वाणी त्याच क्षणी ऐकू येत आहे. मग गेथशेमानेतली प्रार्थना. मग विचारते, येथे कोण कोणाशी बोलत आहे? ३२५ साली निकिया येथे जमलेल्या बिशपांनी काय ठरवले हे सांगण्याची पाळी पुष्कळ पुढे येते, आणि तोपर्यंत मुलींना कळलेले असते की त्या बिशपांनी कोडे घातले नव्हते. वाचलेल्या मजकुराशी इमान राखताना शब्द कमी पडत होते, ते शोधले होते.

सुशिक्षणाचा उपयोग काय, असे मला तरुण पाळकही कधी विचारतात. भक्ती असली म्हणजे झाले, असा त्यांचा सूर असतो. मी त्यांना एका मुलीची हकीकत सांगते, जिचा गर्भ पाचव्या महिन्यात गेला आणि जिला मोबाइलवरच्या एका प्रचारकाच्या शिकवणुकीने पढलेल्या नातेवाइकांनी सांगितले की तुझा विश्वास कमी पडला. विश्वास असेल तर आजार जाईल, बढती मिळेल, मुलुंडला स्वतःचा फ्लॅट होईल, ही शिकवण आज आमच्या उपनगरांत फार बोकाळली आहे, आणि तिच्या जमाखर्चात मेलेल्या मुलाला खर्चाच्या बाजूस आईच्या नावावर टाकण्यावाचून दुसरी सोय नाही. त्या मुलीशी मी पुष्कळ दिवस काहीच सिद्धान्त बोलले नाही; तिच्या घरी जाऊन स्वयंपाकाला हात लावीत असे. पुढे एकदा तिनेच विषय काढला तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातला नववा अध्याय वाचला, ज्यात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप याचे की याच्या आईबापांचे, आणि येशू तो हिशेबच मोडीत काढतो. हे तिला आधी ठाऊक असते, तर नातेवाइकांचे बोलणे तिच्या इतके जिव्हारी लागले नसते.

तीताच्या पत्रातला तो उतारा मुलींना सर्वांत अधिक बोचतो, हे मी लपवीत नाही. नवऱ्यावर आणि मुलांवर प्रेम, संयम, घरचे काम, नवऱ्याची अधीनता, अशी ती यादी आहे, आणि सीप्झवाली एकदा सरळ म्हणाली, “मावशी, घराचा हप्ता मी भरते, मग अधीन कुणी कुणाच्या व्हायचं?” वर्ग हसला, मीही हसले, आणि मग आम्ही इफिसकरांच्या पत्रातली ती ओळ काढली जी अधीनतेच्या उपदेशाच्या अगोदर येते आणि सर्वांनाच एकमेकांच्या अधीन होण्यास सांगते, शेत विकत घेणारी नीतिसूत्रांतली स्त्री काढली, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया काढली. वचन बोचते म्हणून मी ते गाळीत नाही. पण मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला तेच वचन वाचून दाखवून परत पाठवणाऱ्या वडील बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांनी दिले ते सुशिक्षण नव्हते, हे म्हणताना माझी जीभ अडखळत नाही. शिवाय त्या उताऱ्यात तरुण स्त्रियांच्या आधी वृद्ध स्त्रियांनाच ताकीद आहे, आणि तिच्यात चहाडी न करण्याची अट आहे. वर्गात ऐकलेले मंडळीच्या आवारात पोचले की वर्ग बरखास्त झाला असे समजावे.

रमाबाई पुढे स्वतः वडील बाई झाल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ त्यांची शारदा सदन ही शाळा उघडली, पुढच्या वर्षी ती पुण्यास गेली, आणि दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती ही संस्था उभी राहिली. तेथे १९०५ साली मुली मोठमोठ्याने रडत, ओरडत प्रार्थना करू लागल्या तेव्हा रमाबाईंनी त्यांना दडपले नाही. ज्या पद्धतीची त्यांची स्वतःची सवय नव्हती तिला त्यांनी जागा दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्या बायकांनी जुळवून छापले आणि ते रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, बाहेर पडले. खिळे जुळवताना त्या बायकांनी किती सिद्धान्त आत्मसात केला असेल, हे कोणत्याही परीक्षेने मोजता आले नसते.

आणि वाद हरलेल्या आजीबाईंचे काय? त्यांनी रमाबाईंचे एकेक पत्र जपले, आपल्यावर टीका असलेलीसुद्धा, ती लावून ठेवली, आणि त्या दप्तरावरूनच अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये तो पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. आपल्याशी न पटलेल्या शिष्येचे शब्द जसेच्या तसे ठेवणे, हेही शिक्षिकेचेच काम आहे, आणि ते त्यांनी चोख केले.

आज मुलुंडला, घाटकोपरला जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. माळ्यावरच्या ट्रंकांत नगर-सोलापूरहून आलेल्या आज्यांच्या पाठाच्या वह्या, बायबलबाईंचे अहवाल, समासात शंका लिहिलेली बायबले असतात, आणि घर हलवताना ती रद्दीच्या दराने जातात. ज्यांच्या घरी असे काही असेल, त्यांनी ते टाकण्यापूर्वी एकदा उघडून वाचावे, आणि वाचवत नसेल तर मंडळीतल्या एखाद्या तरुण मुलीच्या स्वाधीन करावे.