गिरणगावच्या गल्ल्या

ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, वरळी आणि प्रभादेवी या एकमेकींना लागून वाढलेल्या वस्त्यांना मुंबईने गिरणगाव, म्हणजे कापडगिरण्यांचे गाव, असे नाव दिले. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत या परिसराचे आकाश धुरांड्यांनी, तर जमीन चाळींनी भरून गेली. गिरण्यांचा इतिहास भांडवल, यंत्रे आणि संप यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु गिरणगावचे खरे वैभव त्याच्या गल्ल्यांत होते, कारण खोलीत न मावणारा संसार तेथील माणसांनी एकमेकांच्या विश्वासावर रस्त्यावर मांडला होता.

या खोल्यांचा आकार पाहिला म्हणजे ते ध्यानात येते. विसाच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या, आणि म्हणून बीडीडी या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या, चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची असे आणि नळ व शौचकूप मजल्यावरच्या सर्वांसाठी सामाईक असत. अशा खोल्यांत कोकणातून आणि साताऱ्या-कोल्हापूरकडून आलेले, बायकामुले गावी ठेवून राहणारे पुरुष एकत्र बिऱ्हाड करीत. एकाच गावच्या माणसांनी मिळून भाडे भरून चालवलेल्या खोलीला गावकीची खोली म्हणत. भिंतीकडेला प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक, वर खुंटीला सदरा आणि कोपऱ्यात गुंडाळलेली वळकटी, एवढीच ज्याची त्याची मालमत्ता. दिवसपाळीचा कामगार उठून गेला की रातपाळीहून परतलेला त्याच जागेवर अंग टाकी आणि ज्यांना तेवढीही जागा मिळत नसे ते ओट्यावर, जिन्याखाली किंवा पदपथावर पथारी पसरीत.

पाळी बदलल्याचा भोंगा झाला की गल्लीचे रूप पालटत असे. कापूस पिंजून त्याचे पेळू करणाऱ्या खात्यातून सुटलेल्या माणसांच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर रुईचे पांढरे तंतू चिकटलेले असत, तर साचेखात्यातून, म्हणजे मागांच्या विभागातून, आलेल्यांचे कान खडखडाटाने इतके बधिर झालेले असत की घरीही ते मोठ्यानेच बोलत. या माणसांची पावले खानावळीकडे वळत. आपल्या लहानशा खोलीतच दहा-वीस जणांचा स्वयंपाक रांधून महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणाऱ्या बायकांमुळे गिरणगाव जगले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. पगार लांबला किंवा संप झाला तरी त्या उधारीवर ताट वाढीत आणि त्यासाठी प्रसंगी स्वतःचे दागिने गहाण टाकीत. सावकाराच्या पाशातून त्यांना सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बँकेच्या कर्जाचा मार्ग त्यांच्यासाठी खुला केला.

संध्याकाळनंतर याच गल्ल्यांत भजनाचे टाळ, कोकणातल्या नमन-खेळ्यांचे मृदंग आणि तालमीतले शड्डू ऐकू येत. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर या शाहिरांचे डफ येथेच घुमले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला त्यांनी आवाज दिला. मात्र या सामाईक जीवनाला जातीची कुंपणेही होती, हे सांगितल्यावाचून त्याचे वर्णन प्रामाणिक होत नाही. मागावरच्या धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा वाहून नेणाऱ्या साधनाच्या, छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना अधिक वेतनाच्या साचेखात्यात प्रवेश नाकारला जात असे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो संप रीतसर मागे न घेतला जाताच विरून गेला. अनेकांनी गावची वाट धरली, खानावळींच्या चुली एकेक करून विझल्या. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा मोठा वाटा मोकळ्या जागांसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी राखला होता. परंतु २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली आणि बांधकामाखालची सारी जमीन त्यातून सुटली. ज्या आवारांत साचे चालत तेथे आता मॉल आणि काचेचे मनोरे आहेत.

एखादे धुरांडे राखून ठेवल्याने गिरणगावचे स्मरण राहते, हा समज अपुरा आहे. धुरांडे मालकाच्या उद्योगाची साक्ष देते, कामगारांच्या सहजीवनाची नव्हे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या मुलाखतींमधून या वस्तीचा मौखिक इतिहास ग्रंथरूपात जतन केला. तेच काम आता घरोघर व्हायला हवे. ज्यांच्या घरात गिरणीत राबलेले किंवा खानावळ चालवलेले माणूस अजून आहे, त्यांनी त्याच्याजवळ बसून त्याची गल्ली, त्याची खोली आणि त्याचे सोबती यांची हकिगत आजच लिहून घ्यावी.